उंच झालेली पिकअप

चारही चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून मिस्त्रीनं पिकअप वीतभर उंच केली. आता जत्रेचा मोठा पाळणा मागं जोडून खडबडीत रस्त्यानं नेला, तरी गाडी खाली घासणार नव्हती. अंबादास खूश झाला.

त्याच्या बायकोला, कौसल्याला मात्र गाडीत चढता येईना. लग्न झाल्यापासून पाळण्याची तिकिटं तीच फाडत आली होती, पण आता गुडघे वाकत नव्हते. धडपड करून शेवटी ती गॅरेजातल्याच एका टायरवर बसली.

“तुम्ही जावा. मी घरीच थांबते.”

अंबादास मिस्त्रीला म्हणाला, “काढ ते पाटे.”

“मग मोठा पाळणा ओढता येणार नाही, काका.”

“राहू दे. लहान पोरांचा पाळणा नेऊ आम्ही.”

तो कौसल्याशेजारी टेकला. “खरं सांगू? मीपण दमलोय गं.”