हळदीचा सीन

मंदारच्या मुलीचं बारसं झालं त्या वर्षी, म्हणजे २०२३च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी दुपारी कमल आपल्याच घराच्या हॉलमध्ये एका परक्या मुलीच्या गालांना सातव्यांदा हळद लावत होती.

"कट! अम्माजी, थोड़ा और हँसिए. कल जैसा," दिग्दर्शक म्हणाला.

काल हसणं सोपं होतं. आज तिचा जीव नागपूरला होता. धाकटा भाऊ गजानन तिथे तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता; त्याची बायको सुधा त्याचं सगळं करत होती. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि कमल चौदाची. तिनेच त्याला भरवलं, तिनेच शाळेत घातलं. "ताई, एकदा येऊन जा," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज धड निघत नव्हता. तिने बुधवारी बॅग भरली. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं.

गुरुवारी सव्वासहाला फोन वाजला. कमल आत साडी नेसत होती. तिचे यजमान मनोहरराव फोन घेऊन व्हरांड्यात गेले. तिथून सरळ न्हाणीघरात शिरले आणि थंड पाण्याने डोक्यावरून अंघोळ करून कुडकुडत बाहेर आले.

"अहो, एवढ्या गारठ्यात गार पाणी? आणि फोन कोणाचा होता?"

"आता दिवसभर त्या लोकांची वर्दळ. न्हाणीघर मोकळं मिळायचं नाही," मनोहरराव म्हणाले. टॉवेलने तोंड पुसत राहिले. "सुधाचा होता. गजाननला उतार आहे. पेज घेतली म्हणे. घाई करू नका, शनिवारी या, असं म्हणाली."

कमलने देवापुढे साखर ठेवली आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

साडेसातला तीन ट्रक आले, सत्तर माणसं आली. भोपाळच्या आनंदनगरातलं हे घर मनोहररावांनी कारखान्यात नोकरी करता करता बांधलेलं. लाल कोबा, जाळीचा व्हरांडा, दारात आंबा. सिनेमावाल्यांना असंच घर हवं होतं. दोन दिवसांसाठी ते भाड्याने दिलं होतं त्यांच्या मुलाने, मंदारने. त्याची नोकरी सुटून आठ महिने झाले होते. बायको रसिका तान्ह्या मुलीला घेऊन इंदूरला माहेरी होती. शूटिंगसाठी घरं मिळवून देण्याचं हे त्याचं पहिलंच काम, आणि पहिलं घर म्हणून त्याने आपलंच दाखवलं होतं.

नवरीच्या आजीचं काम करणारी बाई त्या दिवशी आलीच नाही. दिग्दर्शकाची नजर कमलवर गेली. भावाला उतार पडल्याच्या आनंदात ती लगेच पाटाशी जाऊन बसली. इतकी मोकळी हसली की कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, "अम्माजी तो हीरोइन को खा गईं!"

"खाऊँगी कैसे? दाँत कहाँ बचे हैं?" कमल म्हणाली. सगळा हॉल हसला. मनोहरराव तेवढे उठून अंगणात गेले.

संध्याकाळी तिला गजाननशी बोलायचं होतं. तिचा फोन मंदारने सकाळीच काढून घेतला होता, सेटवर वाजू नये म्हणून. मनोहरराव म्हणाले, "औषधाने झोपलाय तो. कशाला उठवतेस?"

शुक्रवारी ती उठली ती बॅग ओढतच.

"मला चैन पडत नाही. मी आजच जाते."

"आई, कालच्या शॉटमध्ये तू आहेस," मंदार म्हणाला. "आज त्याच लग्नात तू दिसली नाहीस, तर कालचं सगळं फुकट जाईल. पुन्हा मला कोणी दारात उभं करणार नाही गं. फक्त आजचा दिवस."

"आणि तिकडे त्याला काही झालं तर?"

मंदारने वडिलांकडे पाहिलं.

"बरं आहे त्याला," मनोहरराव म्हणाले. "मी कधी तुला खोटं सांगितलंय?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तसं एकदाही झाल्याचं तिला आठवेना. तिने कालचीच पिवळी साडी नेसली.

आता आठव्यांदा तिने हळदीच्या वाटीत बोटं बुडवली. हसू येत नव्हतं. मग तिने डोळ्यांपुढे गजाननला आणलं. तो उशीला टेकून बसलाय, पेज पितोय, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतोय. कमल खुदकन हसली. दिग्दर्शक "ओके!" म्हणून ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दुपारी ती आणि मनोहरराव नागपूरला पोचले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. सुधा पुढे आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

कमलने चौकट धरली. "आज सकाळी गेला का गं? मी गाडीत असताना?"

सुधा गोंधळली. तिने मनोहररावांकडे पाहिलं, मग कमलचा हात हातात घेतला. "वन्सं, तुमचा ताप उतरला ना? भाऊजी फोनवर म्हणाले, तुम्हाला उठवतही नाही, तुमच्यासाठी थांबू नका. म्हणून आम्ही थांबलो नाही हो."

कमल वळली. मनोहरराव उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"पोराचं पहिलंच काम होतं," ते म्हणाले.

"मला हसवलंत," कमल म्हणाली. "अहो, तुम्ही मला दोन दिवस हसवलंत."

गजानन गुरुवारी, नऊ फेब्रुवारी २०२३ला, सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी वारला होता.