दडलेला पाहुणा

गोदाक्कांनी मूळव्याध समजून, लाजेने कुणाला न दाखवता वर्षभर सुरण खाल्लं, तरी रक्त थांबेना. शेवटी सून दवाखान्यात घेऊन आली.

"आजी, हा गुदद्वाराचा कर्करोग आहे. पसरलेला नाही, बरा होऊ शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेकदा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं दडून राहतो."

सून भिंतीकडे बघू लागली. गोदाक्कांना मात्र नवल वाटलं. "मालक जाऊन वीस वर्षं झाली, अन् त्यांचा पाहुणा अजून मुक्कामाला? त्याला दारातच अडवता येत नाही?"

"लस आहे. वयात येण्याआधी द्यावी."

गेल्याच महिन्यात सुनेने नातीच्या शाळेतून आलेला याच लसीचा संमतीचा कागद "असलं नको" म्हणून परत धाडला होता.

"लाजेपायी माझं वर्ष गेलं," गोदाक्का तिला म्हणाल्या. "पोरीचं काय घालवायचंय?"

सून हळूच म्हणाली, "डॉक्टर, माझ्या मुलालाही देता येईल?"