चिलीचे दोन डबे

होलिसने आधी स्वतःच्या चिलीचा डबा उघडला.

झाकण निघताच खोलीभर वास पसरला. सुक्या मिरच्या भाजून, वाटून, त्यात गोमांसाचे तुकडे सकाळभर रटरटवलेले. चिली म्हणजे मांस आणि मिरची. टेक्ससमधल्या त्याच्या घरी त्या पातेल्यात दुसरं काही कधी पडलं नव्हतं. खुर्चीत बसलेल्या आर्डिसने मान वर केली. होलिसचा चमचा हवेतच राहिला. बायकोने एकदा आपलं नाव घ्यावं, एवढ्यासाठी तो दर आठवड्याला ही चिली घेऊन वृद्धाश्रमात यायचा. तिने उन्हाळ्यापासून ते घेतलं नव्हतं, आणि आता खिडकीबाहेरच्या पेकनच्या झाडाची पानं झडून गेली होती.

"ही होलिसची चिली," आर्डिस म्हणाली.

तो पुढे झुकला. "हो, होलिसचीच. ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? जन्मभर खाल्लीय." तिने रुमाल नाकाला लावला. "झाका ते, भाऊ. कुठून आणलीत?"

भाऊ. होलिसने झाकण लावलं. ते नीट बसेना. दोनदा दाबावं लागलं.

तिथली मदतनीस ग्रासिएला पलीकडच्या खाटेवरची चादर बदलत होती. आर्डिस रोज दुपारी शाळेतलं जेवण मागते, हे तिनेच त्याला मागच्या खेपेला सांगितलं होतं. राजमा घातलेली चिली आणि सोबत दालचिनीचा गोड पाव. आर्डिसच्या माहेरी, तिकडे नेब्रास्कात, शाळेतल्या पोरांना हेच वाढायचे म्हणे.

"आता तो दुसरा डबा काढा की," ग्रासिएला हळूच म्हणाली. "लाज वाटत असेल तर मी तिकडे तोंड करते."

होलिसने आज पहाटे आयुष्यात पहिल्यांदा राजमा शिजवला होता. खिडक्या लावून घेऊन, चोरीची दारू गाळावी तसा. पाव बेकरीतून घेताना, कुणी विचारलं नसतानाही, नातीला हवाय म्हणून सांगितलं होतं.

त्याने दुसरा डबा उघडून पावासोबत तिच्यापुढे ठेवला. पाव बघून आर्डिस हसली. त्याची गुंडाळी उलगडत तिने एक तुकडा तोडला, चिलीत बुडवला आणि डोळे मिटून चावत राहिली. साखरेचा पाक तिच्या हनुवटीवर ओघळला. होलिसचा हात पुढे झाला, पण अर्ध्यावरूनच मागे आला. तिच्या लेखी तो परका माणूस होता.

"माझा नवरा हे घरात येऊ देत नाही," ती म्हणाली.

"का बरं?"

"टेक्ससचा ना तो! चिलीत राजमा पडला की त्यांची अब्रू जाते." तिने आणखी एक तुकडा बुडवला. "लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी हौसेने केलं होतं. राजमा घालून. पाव घरी भाजलेले. त्याचे भाऊ जेवायला आले होते. याने पातेलं उचललं, अंगणात नेलं आणि कुत्र्यांपुढे ठेवलं. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले."

होलिसला ती गोष्ट पाठ होती. लग्नाच्या पंगतीत, चर्चच्या जेवणात, चिलीच्या स्पर्धेत, जिथे चार माणसं जमतील तिथे तो ती सांगत आला होता. शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघालं.

"आणि कुत्र्यांनीही तोंड लावलं नाही."

आर्डिसने चमचा खाली ठेवला.

"त्यानेच सांगितलं ना तुम्हाला हे?"

"हो."

"खोटारडा मेला." तिच्या आवाजात राग नव्हता. "कुत्र्यांनी पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं होतं. मी खिडकीतून बघत होते. तोही दारात उभा राहून बघत होता."

ग्रासिएलाचा उशीला अभ्रा चढवणारा हात थांबला. होलिस मांडीवरच्या हॅटची कड बोटांनी फिरवत राहिला.

"मग पुन्हा कधी केलं नाहीस?" त्याने विचारलं.

"कुणासाठी करायचं?" आर्डिस म्हणाली आणि परत खाऊ लागली.

तेवढ्यात बाहेर फरशीवर बुटांचा आवाज आला. जड पावलं, टाचा वाजवत येणारी. आर्डिसचा घास तोंडातच राहिला. चेहरा पार उतरला.

"आला तो," ती कुजबुजली. तिने घाईघाईने डबा शालीखाली ओढला आणि उरलेला पाव रुमालात गुंडाळून होलिसच्या हातात कोंबला. "लपवा, भाऊ, लपवा लवकर! बघितलं तर सगळ्यांना सांगत सुटेल."

होलिसने पाव मांडीवर ठेवला आणि त्यावर आपली हॅट झाकली.

दोघं दाराकडे बघत बसले. तिने त्याची बाही धरली होती. पावलं जवळ आली, दारावरून गेली आणि दूर जाता जाता ऐकू येईनाशी झाली.

"गेला का?"

होलिसने हॅट उचलली.

"गेला," तो म्हणाला. "खा तू."