गाडीखाली सापडलेलं लोखंड

"हे काय पाडून गेलास?" म्हणत इंद्रजितनं ते लोखंड धाकट्या भावाच्या पायापाशी आदळलं.

वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, एक टोक वाकवलेलं आणि सगळं काळ्या ऑइलच्या चिखलानं माखलेलं. बार्शीला निघायचं म्हणून इंद्रजितनं सकाळी गाडी शेडमधून बाहेर घेतली, तर मागं जमिनीवर हे पडलेलं.

आदल्याच दिवशी सुरजनं गाडीचं सर्व्हिसिंग केलं होतं. त्याचं गॅरेज परंड्यात. पण दोघांच्या आईनं, मथुराबाईनं, हट्टच धरला, इंद्रजितच्या निकिताला बाळंतपणाला आणायला जायचं तर गाडी तिच्या चुलत्यानं तपासावी आणि घरी येऊन तपासावी. इतक्या वर्षांनी तो या घराची पायरी चढला. गॅरेजातल्यासारखा खड्डा इथं कुठला? खाली शिरता यावं म्हणून त्यानं टिकावानं माती उकरली, जुनं ऑइल त्याच मातीत सोडलं, दिवसभर राबला आणि आईच्या हातचा चहा पिऊन गेला. आई त्या वेळी धाकट्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती थोरल्याला अजून टोचत होती.

शेजारचा बिरू म्हणाला, ब्रेकचं असंल. ट्रॅक्टरवाला वीरप्पा म्हणाला, स्टेअरिंगचं. दोघांतलं जे जास्त वाईट, ते इंद्रजितनं उचललं. फोन करून सुरजला बोलावून घेतलं, आणि तो येईपर्यंत गल्ली गोळा होऊ दिली.

सुरज गाडीखाली शिरला. बॅटरी लावून सगळं पुन्हा तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाला, गाडीचं काही निघालेलं नाही, हे लोखंड या गाडीचं नाहीच.

"पोटुशी लेक बसणार हाय माझी हितं," इंद्रजित म्हणाला. "ल्हानपणी बैलगाडीची खीळ भंगारात घालून गारेगार खाल्लंस. अण्णा आंथरुणाला खिळलं ते उठलं न्हाईत. आता निकिताचा नंबर लावलास व्हय?"

 गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. चाक निखळून बैलगाडी उलथली, वडिलांची, अण्णांची, कंबर गेली, आणि चाक अडवणारी आसाची खीळ कुणी काढली याचा निकाल इंद्रजितनं त्याच दिवशी देऊन टाकला. पोरगं रडून नाही नाही म्हणत राहिलं. त्याला मामाकडं धाडून दिलं.

सुरजनं ते उचललं. लोखंड डिझेलच्या डब्यात बुडवलं, तारेच्या ब्रशनं घासलं. ऑइल निघालं, गंज निघाला. मग त्यानं ते भावाच्या हातात ठेवलं.

"आता नीट बघा, दादा. कशाचा पार्ट हाय ते तुमीच सांगा."

इंद्रजितनं ते उलटसुलट करून बघितलं. वाकवलेल्या टोकावर ठोकून ठोकून चपटा झालेला भाग होता. गाडी जुंपणाऱ्यानं निघण्याआधी दोन्ही खिळांवर दगडाचा एकेक ठोका द्यायचा, ही या घराची रीत. अपघाताच्या दिवशी गाडी इंद्रजितनंच जुंपली होती. ठोका दिला होता की घाईत राहिला, हे त्यानं पुढं कधी स्वतःला विचारलंच नाही. आणि बैलगाडी उभी राहायची ती जागा हीच. गोठा पाडून त्यानं इथं मोटारीसाठी पत्रे टाकले होते.

सुरजच्या डोळ्यांकडं बघून त्याला कळलं, यानं घासतानाच ओळखलंय.

"काय हाय रं?" ओट्यावरून मथुराबाईनं विचारलं. मोतीबिंदूमुळं तिला लांबचं दिसत नसे.

"काय न्हाय, भंगार हाय," म्हणत इंद्रजितनं ते खिशात घातलं आणि झालं गेलं सोडून दे, आता जा, असं भावाला सांगितलं.

"गल्लीम्होरं बोललात, दादा. गल्लीम्होरंच सांगा."

मथुराबाई भिंत धरून खाली उतरली आणि थोरल्यापुढं हात पसरला. इतक्या माणसांत आईचा हात झिडकारणं त्याला जमलं नाही. तिनं लोखंड बोटांनी चाचपलं. चपट्या भागावर तिचा अंगठा थांबला.

"कुठं घावली ही खीळ?"

इंद्रजितनं मान फिरवली. शेवटी बिरूच म्हणाला, "हितंच, काकी. गाडीखाली, मातीत."

"म्हंजे पोरानं इकली न्हवती," ती म्हणाली. खीळ तिनं पदरात बांधली, गाठ दातानं आवळली. "सुरज, गाडी काढ. नात आणायची हाय. मी येते संगं."

इंद्रजितनं चावी पुढं केली. सुरजनं ती घेतली, पण लगेच आत बसला नाही. त्यानं पाना उचलला आणि भावाकडं बघत बघत, चारी चाकांवर एकेक ठोका दिला.