सभेला जायची गाडी

ऐका रे, बुलावायो शहरातली गोष्ट सांगतो. डोकं तापणार तुमचं, आधीच सांगून ठेवतो.

आठवडाभर नळाला थेंब नव्हता. सिथाबिलेचा धाकटा भाऊ मेहलुली नगरसेवक. 'पाणी वाचवा'च्या सभेला जायला त्याला बहिणीची गाडी हवी होती. तिनं बाटलीभर साबणपाण्यात अख्खी गाडी उजळली. आधी फवारा मारून धूळ भिजवली, मग मऊ फडक्याची दर वेळी कोरी घडी फिरवली. एक ओरखडा उठू दिला नाही.

भावानं बघितलं अन् कपाळाला हात लावला. "सिसी, काय केलंस हे! लोक तहानलेले अन् हा गाडी धुतोय म्हणून फाडून खातील मला!"

"अरे मेल्या, बाटलीभर पाण्यात झालंय!"

"ते काय भोंग्यावर सांगत फिरू?"

ती तणतणत आत गेली. यानं मूठमूठ धूळ गाडीवर उधळली, पण ती घसरून खालीच.



मग बहिणीनं पहाटेपासून रांगेत ताटकळून आणलेली पाण्याची बादली त्यानं मातीत ओतली, अन् चिखल कालवून गाडीला चोळला. तेवढ्यात बहीण दारात! आता या रे कुणीतरी, धरा त्या बाईला, नाहीतर नगरसेवक काही सभेला पोचत नाही!