भट्टीपुढचा फोटो

“कपाळ मोकळं नको. पाहुण्यांपुढं बरं दिसत नाही,” उद्धवराव म्हणाले.

सरुबाई भांड्यांवरून उठून आली होती. हातावरची राख अजून ओली होती. कासारवाडी स्टेशनामागचा काचेचा कारखाना अकरा वर्षं बंद होता. आज त्याचंच हॉटेल उघडत होतं. उद्धवरावांनी बापाचा कारखाना हौसेनं जुन्यासारखाच राखला होता. काच फुगवायच्या फुंकनळ्या भिंतीवर टांगल्या होत्या, विझलेल्या भट्टीच्या पोटात लाल दिवे सोडले होते. कामगारणीच्या वेषात दारात उभी राहायची बाई तेवढी ऐनवेळी आली नव्हती.

“साहेब, माझं कुंकू ह्याच भट्टीनं नेलं. तुमास्नी ठावं हाय.”

“ठाऊक आहे म्हणूनच कामावर ठेवलं ना? दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

पन्नाशीच्या बाईला दुसऱ्या कुठल्या कंपनीनं दारात उभं केलं नसतं. काउंटरवरच्या पोरीनं तिला ठसठशीत कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या. सरुबाईनं हात आखडला नाही.

मुंबईहून आलेली एक बाई तिच्यापाशी थबकली. “तुम्ही खरंच इथं काम करायचात?”

“व्हय.”

“आणि मिस्टर?”

सरुबाई हातातल्या बांगड्या चाचपू लागली.

“तेही इथलेच. भट्टीवर असायचे,” उद्धवराव मध्येच म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“अय्या, मग बोलवा ना त्यांना! जोडीनं फोटो काढू.”

उद्धवरावांनी आजूबाजूला नजर फिरवली. मग खाकी कपड्यांत सरबत वाटणाऱ्या दत्तोबाला त्यांनी हाक मारली. “ये रे, हिच्याशेजारी उभा राहा.”

भट्टी फुटली त्या दिवशी सरुबाईच्या नवऱ्याला, गेनबाला, आतून ओढून काढणारा हाच दत्तोबा. काढताना गेनबाच्या दंडाची कातडी त्याच्या मुठीत आली होती. त्यानंतर तो सरुबाईच्या नजरेला नजर देत नसे.

दोघं लाल उजेडात उभी राहिली. मध्ये हातभर अंतर.

“जवळ सरका की!” फोटोवाला ओरडला. “नवरा-बायको ना तुम्ही?”

पाहुणे हसले. दत्तोबाचे पाय जागचे हलेनात. हातातला ट्रे त्यानं दोघांच्या मध्ये धरला. उद्धवराव डोळे वटारून त्याच्याकडं बघत होते.

सरुबाईनं कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही. ओठ न हलवता ती म्हणाली,

“सरका भावजी. कामावरनं काढतील.”