कडेकोट बंदोबस्त

"या सर, माझ्या राउटरमध्ये शिरून दाखवा!" मनोरमाबाईंनी पदर खोचला. "या वयात नेटवर्किंग कसलं झेपतंय?" असं सून म्हणाली तेव्हापासून नेटवर्किंगच्या कोर्सची ही परीक्षा त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाली होती.

परीक्षकांनी नाना खटपटी केल्या. "वा काकू! चोराची काय टाप आहे! आता तुम्ही आत जाऊन दाखवा."

मनोरमाबाईंनी ऐटीत पासवर्ड टाकला. राउटरने त्यांनाही दाराबाहेरच उभं केलं. सगळ्या जगाला बंदी घालताना स्वतःला वगळायचं राहूनच गेलं होतं!

"रडू नका," परीक्षक म्हणाले, "बंदीचे नियम सेव्ह केले नसतील, तर राउटर बंद करून चालू केला की पुसले जातील. मग पुन्हा लिहा."

मनोरमाबाईंना आणखीच हुंदका फुटला. "अहो, सेव्ह करायला तेवढं विसरले नाही हो मी!"